पाच वर्षांच्या लेकीच्या डोक्यात चट्टा पडलाय, गोटा करावा का?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, नाव-गाव काढून थोडक्यात देते. मुलगी पाच वर्षांची, मोठ्या शिशूत जाते, घर एकत्र. दोन-तीन महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या कानाच्या वर कोंड्यासारखं पांढरं सुटायला लागलं. उवा बघून झाल्या, नाहीत. सासूबाईंनी कडुनिंबाचा पाला, लिंबू, दही सगळं करून बघितलं, रोज रात्री खोबरेल चोपडतातच. मग तिथले केस तुटायला लागले, आता दहा रुपयांच्या नाण्याएवढा चट्टा आहे, त्यात काळे काळे ठिपके दिसतात, सासूबाईंना वाटतं नवीन केस येतायत. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली तेव्हा आठवडाभर छान वाटलं, बंद केल्यावर दुप्पट झालं. मानेच्या मागे वाटाण्याएवढ्या दोन गाठी हाताला लागतात, त्याने घरात टीबीची भीती शिरलीय. दिराच्या सात वर्षांच्या मुलाला उन्हाळ्यात असाच चट्टा होता, त्याचा गोटा केला, केस आले, पण आता परत खपली दिसते. सासूबाई म्हणतात हिचाही गोटा करा. नवरा म्हणतो एवढ्याशा पोरीला गोळ्या नकोत, वरून काय ते लावा. त्यात दोन महिन्यांनी घरात लग्न आहे. ताई लिहितात, "जावळ काढल्यापासून तिच्या केसांना कात्री लागलेली नाही, सगळे तिला केसांवरूनच ओळखतात. केस वाचवू की डोकं बरं करू तेच कळेना. मी नीट न्हाऊ घातलं नाही म्हणून झालं असं सगळे म्हणतात. चट्टा दिसू नये म्हणून घट्ट पोनी घालून वर हेअरबँड लावते, ती रडते, मग मलाही रडू येतं."

ताई,

सगळ्यात आधी हे सांगते की तुम्हाला केस किंवा डोकं यातलं एक निवडायचं नाहीये. तुम्ही जे लिहिलंय त्यात डोक्याची कातडी बरी करणं हाच केस वाचवायचा रस्ता आहे, आणि जितका उशीर तितके केस जास्त जाणार. त्यामुळे गोट्याचा निर्णय बाजूला ठेवा, लग्नाचाही ठेवा, आणि या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरकडे जा. गावात नसेल तर साताऱ्याला सिव्हिलमध्ये किंवा कराडला जावं लागेल, एक दिवस मोडेल, पण मोडू दे. पत्र वाचून कुणी निदान करू शकत नाही, मीही करणार नाही, पण तुम्ही इतकं बारीक निरीक्षण लिहिलंय की मला काय संशय येतो आणि का येतो ते सांगितलंच पाहिजे, म्हणजे डॉक्टरसमोर काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

मला हा डोक्यातला नायटा वाटतो, म्हणजे बुरशीचा संसर्ग. अंगावर गजकर्ण होतं त्याच जातीची बुरशी, फक्त इथे ती केसात शिरते. पहिलं कारण वय. तुमच्याकडे सगळ्यांनी कोंडा धरून चाललंय, पण खरा कोंडा व्हायला टाळूच्या तेलग्रंथी जाग्या असाव्या लागतात, त्या तान्ह्या बाळात काही महिने असतात आणि मग एकदम वयात येताना. मधल्या वयात, साधारण तीन ते दहा वर्षांच्या मुलांत खरा कोंडा फार कमी बघायला मिळतो. म्हणून या वयाच्या मुलाच्या डोक्यातून पांढरं सुटतंय आणि शाम्पू बदलूनही जात नाहीये असं असेल तर बुरशी आहे का ते बघायलाच हवं, हे ज्या ज्या आईबापांनी "कोंडाच असेल" म्हणून सोडून दिलंय त्या सगळ्यांसाठी लिहितेय.

दुसरं कारण ते काळे ठिपके. सासूबाईंना ते नवीन केस वाटतात, आशेने वाटतात, त्यांचा दोष नाही. पण एकदा दिवसा दारात उजेडाला बसवून नीट बघा. नवीन केस बोटाला मऊ लागतो, त्याला बारीक टोक असतं. हे ठिपके टोक नसलेले, कातडीच्या बरोबरीने कापल्यासारखे असतील तर ते बुरशीने पोखरलेले केस आहेत, पृष्ठभागावर येताच तुटलेले. आपल्याकडे डोक्यात सापडणाऱ्या ट्रायकोफायटन जातीच्या बुरशा केसाच्या आत राहून नेमकं हेच करतात. तिसरं कारण मानेमागच्या गाठी. डोक्यात संसर्ग असला की तिथलं पाणी ज्या गाठींकडे उतरतं त्या सुजतात, नायट्यात हे नेहमी दिसतं. टीबीचं भूत आधी डोक्यातून काढा, गाठी डॉक्टरला दाखवा म्हणजे झालं. आणि चौथं, दिराचा मुलगा. एका घरात दोन मुलांना सारखाच चट्टा, हे योगायोगाने होत नाही.

आता गोट्याचं. सासूबाई जे म्हणतात ते त्यांनी पिढ्यान् पिढ्या बघितलेलं आहे, आणि डोकं मोकळं झालं की औषध लावायला बरं पडतं हेही खरं. पण वस्तरा कातडीच्या वरचं कापतो आणि ही बुरशी कातडीच्या खाली, केसाच्या मुळाच्या पिशवीत बसलेली असते. हरळी वरून कितीही खुरपली तरी मुळं राहिली की पहिल्या पावसात परत येते, तसंच. याचा पुरावा तुमच्याच घरात आहे ना, दिराच्या मुलाचा गोटा झाला, केस आले आणि खपलीही आली. उलट वस्तऱ्याने बारीक जखमा होतात, खाजवून खाजवून आधीच हुळहुळी झालेली जागा चिघळते, आणि तोच वस्तरा, तेच मशीन पुढच्या पोराच्या डोक्याला लागलं की तिकडे रोपण. म्हणून माझं स्पष्ट मत, गोटा करू नका. उपचारासाठी त्याची गरज नाही.

वरून लावायच्या मलमाचंही हेच. अंगावरचं गजकर्ण मलमाने जातं कारण तिथे बुरशी कातडीच्या वरच्या थरात असते, डोक्यात मलम मुळापर्यंत पोचत नाही. मेडिकलच्या ट्यूबने आठवडाभर बरं वाटलं आणि मग दुप्पट झालं हे वाचून मला काळजीच वाटली. घरी ती ट्यूब असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही नाव असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. स्टिरॉइडने लाली आणि खाज बसते, घरातले खूश होतात, पण त्या जागेची लढायची ताकद दबलेली असते आणि बुरशी आत पसरत जाते. आपल्याकडे स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकाच ट्यूबमध्ये कोंबलेली मलमं गल्लोगल्ली मिळतात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हातात येतात, यामुळे साधे नायटे हट्टी होऊन बसलेत, त्वचेचे डॉक्टर वर्षानुवर्षं हे ओरडून सांगतायत. ट्यूब बंद करा, फेकू नका, डॉक्टरला दाखवायला बरोबर न्या.

मग उरतं पोटातून औषध, आणि इथे तुमचे मिस्टर अडतात. त्यांची भीती मला समजते, कुठल्याही बापाला वाटेल. पण त्यांना एक गोष्ट सांगा. पोटातून घ्यायचं औषध नव्हतं तेव्हा या आजाराला काय करायचे माहितीय का, मुलांच्या डोक्यावर एक्स-रे मारून सगळे केस मुळासकट गळवायचे, कारण मुळासकट पडल्याशिवाय बुरशी जात नाही हे तेव्हाही कळलेलं होतं. इस्रायलमध्ये १९५० च्या दशकापर्यंत हजारो मुलांना हा उपचार दिला गेला आणि पुढे मोठेपणी त्यातल्या अनेकांना थायरॉइडचा कॅन्सर, मेंदूच्या आवरणातल्या गाठी झाल्या. १९५८ च्या सुमारास ग्रिसिओफुल्व्हिन हे बुरशीचं औषध पोटातून देता येतं हे कळलं आणि हे सगळं थांबलं. म्हणजे ज्या गोळीला आपण घाबरतोय तिने मुलांना त्या किरणांपासून सोडवलंय, आणि ती लहान मुलांना साठहून जास्त वर्षं दिली जातेय. दुसरं औषध टर्बिनाफिन, तेही मुलांना वजन बघून देतात. कुठलं, किती आणि किती दिवस हे डॉक्टर ठरवतील, साधारण चार ते आठ आठवडे धरून चाला. तिला कधी कावीळ झाली असेल, लिव्हरची काही तक्रार असेल, दुसरं कुठलं औषध चालू असेल तर आधीच सांगा. रक्त तपासायला सांगितलं तर करून घ्या. पोट बिघडणं, डोकं दुखणं असं थोडंफार होऊ शकतं, पण डोळे पिवळे वाटले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना पूर्ण गेली तर गोळी थांबवून लगेच फोन करायचा.

ग्रिसिओफुल्व्हिन दिलं तर ते स्निग्ध खाण्याबरोबर द्यायचं, तरच अंगात नीट शोषलं जातं. सायीचं दूध, तूप-भात, शेंगदाण्याची चटणी आणि दही घालून पोळीचा कुस्करा, तिला जे आवडेल ते. हे काम मी तर म्हणेन सासूबाईंकडे द्या. रोज रात्री तेल चोपडण्यात त्यांची माया आहे, ती माया तुपाच्या चमच्यात वळवता येईल, आणि गोळी चुकणार नाही. चट्टा बरा दिसायला लागला म्हणून मधेच गोळी सोडणं ही सगळ्यात मोठी चूक होते, खपली जाते त्याच्या बऱ्याच नंतर मुळातली बुरशी जाते.

डॉक्टरकडे जाताना त्या दिवशी तेल लावू नका, चट्टा घासूनपुसून स्वच्छ करू नका. आपल्याला सवय असते डॉक्टरकडे न्यायचं म्हणून पोराला चकाचक करायची, इथे उलट हवं, त्या खपल्या आणि तुटके केसच तपासायला लागतात. डॉक्टर बोथट पात्याने थोडं खरवडतील, चिमट्याने दोन-चार तुटके केस काढतील, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघतील. कधी नवीन कोरा टूथब्रश चट्ट्यावर घासून त्यावरून नमुना घेतात, त्याने अजिबात दुखत नाही, तिला हे आधी सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाही. नमुना कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघायला पाठवला तर रिपोर्टला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर उपचार सुरू करतात, थांबत नाहीत. एखाद्या ठिकाणी वुड्स लॅम्प नावाचा जांभळा दिवा मारून बघतात. मांजर-कुत्र्याकडून येणारी बुरशी त्याखाली हिरवट चमकते, पण ट्रायकोफायटन सहसा चमकत नाही, म्हणून दिव्यात काही दिसलं नाही तर बुरशी नाहीच असा अर्थ काढू नका. आणि कुणी नुसतं लांबून बघून "कोंडा आहे, हा शाम्पू लावा" म्हणालं तर तुम्ही नम्रपणे विचारा, की डॉक्टर, केस तुटतायत आणि घरात दुसऱ्या मुलालाही आहे, तर बुरशीची तपासणी करून बघूया का. असं विचारणं आगाऊपणा नाही.

आता केसांचं, ज्यासाठी तुम्ही खरं पत्र लिहिलंय.

ती घट्ट पोनी आजपासून बंद करा. तुम्ही ती चट्टा झाकायला घालताय, पण ओढीने चट्ट्याच्या कडेचे केस, जे आधीच कमजोर झालेत, ते उपटले जातायत, शिवाय कानाच्या वरची ती जागा दिवसभर हेअरबँडखाली घामट राहते, बुरशीला आणखी काय हवं. सैल वेणी घाला, मानेजवळ, कापडी रबर लावून, भांग चट्ट्यावरून जाणार नाही असा पाडा. केस विंचरताना खालून वर जायचं, आधी टोकांचा गुंता, मग मधला, मग वर. चट्ट्यापाशी दातेरी फणी फिरवायचीच नाही, बोटांनी बाजूला करायचे. आंबाडा घट्ट नको, क्लिपांनी ओढून बसवलेलं काही नको.

डॉक्टर बहुतेक केटोकोनाझोल किंवा सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू देतील. त्याने एकट्याने आजार जात नाही पण डोक्यावरचे बुरशीचे कण कमी होतात आणि दुसऱ्यांना लागण कमी होते, त्यामुळे तो गोळीच्या जोडीला हवा. आठवड्यातून दोन-तीनदा, केस पूर्ण ओले करून, शाम्पू हातावर घेऊन टाळूला लावायचा, लांब केसांना नाही. बोटांच्या पेरांनी हलकं चोळा, नखाने खपली खरवडायची नाही, कितीही मोह झाला तरी. पाच मिनिटं ठेवायचा. पाच वर्षांच्या पोरीला पाच मिनिटं फेस घेऊन बसवणं हे काय असतं मला माहितीय, त्यात डोळ्यात जाईल ही भीती. घडी केलेला नॅपकिन तिच्याच हातात द्या डोळ्यांवर धरायला, मान थोडी मागे, आणि काहीतरी गाणं, पाढे, बाराखडी लावा. धुताना पाणी कोमट. नंतर लांबीला साधं कंडिशनर किंवा थेंबभर खोबरेल तळव्यावर पसरून फक्त टोकांना लावा, केस कोरडे होऊन गुंतणार नाहीत. टाळूवर रात्रभर तेल मुरवणं मात्र औषध चालू असेपर्यंत बंद. तेलाने बुरशी मरत नाही, खपली चिकटून बसते आणि मालिश करणारा हात ती चट्ट्यावरून चांगल्या जागेवर नेतो. लिंबू तर अजिबात नको, त्या जागेला ते झोंबत असणार, ती रडत असेल त्याचं एक कारण तेही असेल. दही आणि कडुनिंबाचं पाणीही राहू दे सध्या.

केस परत येतील का, हे तुम्ही तीनदा विचारलंय. साध्या कोरड्या, खपलीच्या चट्ट्यात मुळाची पिशवी शाबूत असते, बुरशी गेली की केस येतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे लग्नापर्यंत तिथे फार तर बोटाच्या पेराएवढी लव दिसेल, लांब केसांत मिसळायला वर्ष-दीड वर्ष जाईल. पण जर तो चट्टा सुजून मऊ, दबदबीत झाला, त्यातून पू यायला लागला, हात लावू देत नाही, ताप आला, तर त्याला केरियन म्हणतात, तो बुरशीला शरीराने दिलेला जोराचा प्रतिकार असतो, आणि तो लवकर आटोक्यात आणला नाही तर मुळं जळून तिथे व्रण राहतो, मग केस कायमचे येत नाहीत. केस गमवायची खरी भीती इथे आहे. असं झालं तर त्याच दिवशी दाखवायचं, दाबून पू काढायचा नाही, गळू समजून कुणाला चिरा मारू द्यायचा नाही. त्याचंही मुख्य औषध पोटातलंच असतं.

अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत कानामागे, मानेवर, कधी अंगावरही बारीक खाजरे पुरळ उठू शकतात. घरात लगेच "बघ, गोळी उठली अंगावर" सुरू होईल. बऱ्याचदा ती औषधाची ॲलर्जी नसते, बुरशीविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया असते. फोटो काढा, डॉक्टरला पाठवा, आपल्या मनाने गोळी बंद करू नका. मात्र ओठ-डोळे सुजले, श्वासाला त्रास झाला तर सरळ दवाखाना.

घरात आता काय करायचं. दिराच्या मुलालाही त्याच दिवशी न्या, दोघांचा उपचार एकदम झाला नाही तर हे एकमेकांना देत बसतील. घरातली बाकीची मुलंही दाखवा, चट्टा नसतानाही डोक्यात बुरशी बाळगणारी मुलं असतात. तोच शाम्पू मोठ्यांनीही आठवड्यातून दोनदा काही आठवडे वापरावा का, तेही डॉक्टरांना विचारा. कंगवे, फण्या, हेअरबँड, टोप्या, उशा प्रत्येकाच्या वेगळ्या. आपल्याकडे आरशाजवळ एक कंगवा टांगलेला असतो आणि अख्खं घर त्याने भांग पाडतं, तो कंगवा टाकून द्या, दहा-वीस रुपयांचा प्रश्न आहे. तिचे जुने रबर आणि बँड टाका, नवे तिलाच निवडू द्या. अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. मुलाचे केस ज्या सलूनमध्ये कापता तिथे मशीन साफ करून घ्यायला सांगा. मांजराचं पिल्लू किंवा कुत्रं मुलांच्या अंगाखांद्यावर असेल आणि त्याचे कुठे केस गेलेले असतील तर त्यालाही जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, हाकलून देऊ नका. शाळेबद्दल, औषध सुरू झाल्यावर तिला घरी बसवायची गरज नाही. बाईंना जाऊन सांगा की बुरशी आहे, औषध चालू आहे, टोप्या आणि कंगवे मुलांनी एकमेकांचे वापरू नयेत. बाईंना कळलं तर वर्गातल्या आणखी एखाद्या मुलाचं वेळेत कळेल.

ताई, ती लाज. रोज न्हाऊ घातलेल्या मुलांनाही हे होतं. ही बुरशी मळ शोधत नाही, ती डोक्याला डोकं लावून खेळणारी, एका उशीवर झोपणारी, एकमेकांच्या टोप्या घालणारी मुलं शोधते, म्हणजे ज्या घरात मुलं प्रेमाने एकत्र वाढतायत तिथे ती सहज पसरते. सगळे तुम्हाला बोलतायत आणि तुम्ही ते ऐकून घेतलंय. पुढच्या वेळी एवढंच म्हणा, "बुरशी झालीये, लागण आहे, डॉक्टरांचं औषध चालू आहे." यापुढे खुलासा द्यायला तुम्ही बांधील नाही.

आणि एक प्रश्न विचारते, रागावू नका. पत्रात तिच्या केसांबद्दल आजी काय म्हणते, बाबा काय म्हणतात, लग्नातले पाहुणे काय म्हणतील हे सगळं आहे, ती स्वतः काय म्हणते ते कुठेच नाही. तिला डोकं खाजतंय, पोनी ओढते, आरशात चट्टा दिसतो, मोठी माणसं कुजबुजतात, आणि सगळे तिला सांगतात तुझे केस किती छान. पाच वर्षांच्या मुलीच्या मनात याचा अर्थ काय लागत असेल? रात्री झोपताना विचारून बघा, तुला केस कसे हवेत. ती म्हणाली लांबच हवेत, तर लांब ठेवूनही उपचार पूर्ण होतो, थोडी मेहनत जास्त. ती म्हणाली कापायचे, तर हनुवटीपर्यंत बॉब करा, धुणं-वाळवणं सोपं होईल, ओढ कमी होईल, माझा स्वतःचा कल इकडे आहे. पण हा सोयीचा निर्णय आहे, उपचाराचा भाग नाही, म्हणून तो तिला घेऊ द्या. आणि तुमची हौस मोडतेय याचं वाईट वाटलं तर वाटू द्या, इतक्या वर्षांचे तेल-पाणी, वेण्या, ते काही खोटं नव्हतं.

लग्नात सैल वेणी उजव्या बाजूला आणून खाली रिबीन किंवा अबोली बांधता येईल, आकडे टाळूत खुपसून गजरा माळायचा नाही. तिला कुणी विचारलं तर काय सांगायचं ते घरी दोन-तीनदा म्हणून घ्या, "औषध चालू आहे, केस येणारेत." मुलांना असं एक वाक्य हाताशी असलं की ती बिनधास्त सांगतात.

सासूबाईंशी बोलताना "तुमचं चुकलं" इथून सुरू करू नका. त्यांना डॉक्टरकडे बरोबर घेऊन जा. तुमच्या तोंडून ऐकलेलं आणि डॉक्टरने मायक्रोस्कोपकडे बोट दाखवून सांगितलेलं यात फरक पडतो, आणि नातवाचंही त्यांच्यासमोरच कळेल.

ज्यांच्याकडे असंच काहीसं आहे पण नेमकं असं नाही, त्यांच्यासाठी थोडं. चट्टा एकदम गुळगुळीत, खपली नाही, खाज नाही, असं असेल तर ती चाई असू शकते, तिचा उपचार पूर्ण वेगळा. कपाळाच्या कडेने, कानापुढे केस विरळ होत असतील तर घट्ट वेण्यांची ओढ बघा. केस वेगवेगळ्या लांबीला तुटलेले, मूल झोपताना किंवा टीव्ही बघताना केस उपटतंय असं दिसलं तर रागावू नका, डॉक्टरशी बोला. जाड, चंदेरी खपल्या आणि कोपरा-गुडघ्यावरही तसंच असेल तर सोरायसिस. आणि तान्ह्या बाळाच्या टाळूवरची पिवळट, तेलकट खपली ही बहुतेक आपोआप जाते, तिथे मात्र न्हाऊ घालायच्या आधी थोडं तेल लावून मऊ ब्रशने सोडवलं तरी चालतं.

ताई, शेवटचं, उपचाराचा कोर्स संपताना डॉक्टरांना परत नमुना तपासायला सांगा. वरून सगळं स्वच्छ दिसत असतं आणि आत थोडी बुरशी उरलेली असते, असं होतं, मग दोन आठवडे औषध वाढवावं लागतं. मानेमागच्या गाठी उपचारानंतर हळूहळू बसतात, सहा-आठ आठवडे उलटूनही तशाच असतील किंवा मोठ्या होत असतील तर त्या वेगळ्या तपासून घ्या. चट्ट्याचा फोटो दर रविवारी एकाच जागी, एकाच उजेडात, शेजारी नाणं धरून काढा, रोज बघणाऱ्या डोळ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो, आणि डॉक्टरलाही त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.